खोक्यात न मावणारा माल

रॅकच्या धंद्यात खोका हा सगळ्यात गुणी माल. त्याला सपाट तळ असतो, तो गडगडत नाही, वाकत नाही, आणि त्याच्याबद्दलचं सगळं फोनवर ठरवता येतं. १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट, त्यावर टनभर माल, दोन पॅलेट शेजारी बसतील असा २७०० मिलिमीटरचा बीम, ओळीने खाचा पाडलेले निळे अपराइट, म्हणजे उभे खांब, नारिंगी आडवे बीम, त्यांना सेफ्टी पिना. गोदामाची लांबी-रुंदी-उंची कळली की दुपारच्या चहाच्या आत कोटेशन तयार. आमच्या कंपनीचं पोट याच मालावर भरायचं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझ्या टेबलावर यायचं ते उरलेलं. गालिच्यांचे रोल, बसच्या पुढच्या काचा, सहा मीटरचे पाइप, गाद्या, सोफे, गाड्यांचे बंपर. सेल्सवाले चौकशीच्या कागदावर कोपऱ्यात ‘स्पेशल’ असं लिहीत आणि कागद माझ्याकडे सरकवून निघून जात. स्पेशल म्हणजे ज्यात कंपनीला पैसा कमी आणि डोकेफोड जास्त, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

हा उरलेला माल २०१७ नंतर एकदम वाढला. त्या वर्षी १ जुलैला जीएसटी आला. तोवर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, पण आपल्याच दुसऱ्या राज्यातल्या गोदामात नुसता हलवला तर लागायचा नाही. म्हणून कंपन्या राज्याराज्यात छोटी गोदामं बाळगून होत्या. कुठे एखादा गाळा, कुठे पत्र्याची शेड. अडनिडा माल भिंतीला टेकवून ठेवायचा, भिंत संपली की जिन्याखाली. करातली ती मेख गेली तशी ही गोदामं एकेक करून बंद व्हायला लागली आणि माल भिवंडीला, नाहीतर चाकण-तळेगावकडे, दहा-बारा मीटर उंचीच्या नव्या शेडमध्ये आला. तिथे एवढ्या मालाला टेकायला भिंत पुरेना. जमिनीवर पुरुषभर उंचीचा ढीग आणि त्याच्यावर नुसती पोकळी. मालक मधोमध उभे राहून वर बघत आणि म्हणत, “हवेचं भाडं भरतोय आम्ही.”

भाडं चौरस फुटाने असतं, तेव्हा त्यांचा हिशेब चूक नव्हता. पण ती सगळी हवा मालाने भरून टाकायची, हा त्यावरचा उपाय नव्हे. माल टेकतो ती जागा काढणं सोपं असतं, त्याला शाळेतली भूमिती पुरते. तो तिथे जातो कसा आणि तिथून निघतो कसा, यात खरी जागा जाते. म्हणून मी मालाचं माप फोनवर घ्यायचं बंद केलं. गाडी खाली होत असेल त्या वेळी येतो, असं सांगायचो. काही जणांना ते आवडायचं नाही. गाडी खाली होताना गोदाम चांगलं दिसत नाही.

भिवंडीजवळ फ्लोअरिंगचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थांचं काम आलं. जुना पट्टा होता तो, काल्हेर-कशेळी-मानकोलीच्या बाजूचा. भातखाचरांवर भराव टाकून उभे राहिलेले गाळे. चौकशीच्या कागदावर दोनच ओळी होत्या, ‘रोल, २ मीटर’ आणि ‘रोल, ४ मीटर’. दोन मीटरचे व्हिनाइलचे, चार मीटरचे कार्पेटचे. कागदावर दोघं सख्खे भाऊ, स्वभावाने एकदम उलटे. व्हिनाइलचे रोल आडवे रचले की खालचे चपटे होतात, आणि असा रोल उलगडला की जमिनीवर फुगवटे येतात, ते लवकर बसत नाहीत. म्हणून व्हिनाइल उभं ठेवायचं. कार्पेट उभं केलं तर आपल्याच वजनाने खाली बसतं, तळाची कड चुरगळते. ते आडवंच हवं, आणि आडवं असूनही त्याच्यावर फार ओझं नको.

मालकांनी एका वहीत स्वतःच नकाशा काढला होता. कार्पेटसाठी कबुतरखान्यासारखे खण, व्हिनाइलसाठी एका भिंतीलगत उभ्या रोलची सलग रांग, एकाला एक लागून. नीटनेटका नकाशा होता. रोलची संख्या बरोबर बसत होती, दोन-चार जास्तच बसत होते. “तुम्ही फक्त लोखंड किती लागेल ते सांगा,” ते म्हणाले आणि बँकेत गेले.

मी कापायच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. या धंद्यात गोदाम म्हणजे साठवणूक हे अर्धंच खरं आहे, कापणं हा बाकी अर्धा धंदा. कुणाला सात मीटर हवं असतं, कुणाला साडेचार. पंचवीस मीटरचा रोल येतो, त्यातला तुकडा जातो, उरलेला परत गुंडाळून जागेवर. कापणारा गडी सुरी बाजूला ठेवून म्हणाला, “पूर्ण रोल आठवड्यात जातो साहेब. उरलेला तुकडा वर्षभर राहतो.” मालकांच्या यादीत तुकडे नव्हतेच, कारण हिशेबाच्या वहीत माल मीटरमध्ये असतो. रॅकमध्ये मात्र तुकडा वीतभर जाडीचा असला तरी त्याची लांबी तीच चार मीटर, आणि त्याला स्वतंत्र खण हवा, नाहीतर खालचा ओढताना वरचे तिघे घसरतात. म्हणजे खण दोन मापांचे करणं आलं. मोठे कमी आणि छोटे पुष्कळ, आणि छोटे छातीच्या उंचीला, कारण दिवसातून दहादा हात जातो तो तिथेच.

कार्पेट उचलतात फोर्कलिफ्टला लांब दांडा लावून. दांडा रोलच्या पोटातल्या पुठ्ठ्याच्या नळीत घालायचा आणि रोल सरळ पुढे धरून न्यायचा, म्हणजे तो मध्ये वाकत नाही. उचलायला उत्तम, गल्लीला महाग. मशीन सव्वादोन मीटर, त्यापुढे चार मीटरचा रोल, शिवाय वळायला जागा. खणासमोर साडेसहा-सात मीटरची गल्ली लागते. मालकांच्या वहीत ती तीन मीटरची होती, कारण त्यांनी शेजारच्या खोकेवाल्याच्या गोदामात तेवढी पाहिली होती. माल खोक्याचा नसला की रॅकपेक्षा गल्ली रुंद, हे मान्य करायला लोकांना जड जातं. मान्य केल्यावर उपाय निघतो. रांगा कमी करायच्या, खण उंच न्यायचे.

व्हिनाइलचे उभे रोल हाताने हलत होते. तिथे माथाडींची टोळी होती. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्याखाली मंडळाकडे नोंद असलेली टोळी माल चढवते-उतरवते आणि टोळीचं बोलणं मुकादम करतो. मुकादम साठीच्या आसपासचे, खांद्यावर पंचा. मी मालकांची वही एका रोलवर पसरून त्यांना रांग दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, “माल उभा राहतोय, ठीक आहे. आम्ही उभं राहायचं कुठं?”

रोल शंभर किलोच्या आसपास. एकजण वरचं टोक कवटाळतो, दुसरा बुडाशी पाय लावतो, रोल थोडा कलता करून कडेवर फिरवत बाहेर आणतात. त्यासाठी वरच्या माणसाला रोलच्या शेजारी जागा लागते, समोर असून चालत नाही. समोर राहिला आणि रोल सुटला तर तो अंगावर येतो. एकाला एक लागलेल्या रांगेत शेजार नावाची गोष्टच नव्हती. मुकादमांनी मला दोघांकडून एक रोल काढून दाखवला, मग तोच परत आत सारताना काय होतं तेही दाखवलं. आत सारणं जास्त कठीण होतं.

शेवटी रोलचे लहान गट केले. दोन गटांमध्ये माणूस आडवा शिरेल एवढी फट, गटाभोवती कमरेच्या आणि खांद्याच्या उंचीला पाइपचा कठडा, पुढून साखळी. पाइप अशासाठी की अँगलची कड प्लास्टिकचं वेष्टण फाडते. कार्पेटच्या खणांच्या तोंडाशीही त्याच कारणाने गोल पाइप वळवून लावला. मालक परत आल्यावर त्यांनी मोजलं आणि जवळजवळ पाचवा हिस्सा जागा गेली म्हणून ते चिडले. मी त्यांना मुकादमांशी बोलायला सांगितलं. ते बोलणं माझ्यासमोर झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी फटी मंजूर झाल्याचा फोन आला.

त्याच गोदामातली जमीन हे वेगळं प्रकरण होतं. रॅकचं वजन जमिनीवर पसरून बसत नाही, ते पायापायातून उतरतं. चार मजले, प्रत्येक खणात दर मजल्याला दोन टन, म्हणजे एका खणाचे आठ टन. मधल्या चौकटीवर दोन्ही बाजूंचे अर्धे-अर्धे येतात, आणि तिच्या एका पायावर चार टन. तेही हाताच्या पंजाएवढ्या बेस प्लेटवर. नव्या शेडमध्ये जाड ट्रिमिक्स काँक्रीट असतं, तिथे चालतं. भरावावरच्या जुन्या गाळ्यात वर काँक्रीट गुळगुळीत दिसतं आणि अँकरसाठी ड्रिल घातलं की बिट एकदम आत जातं, खाली माती बसून पोकळी झालेली असते. तिथे आम्ही प्लेटा मोठ्या केल्या आणि मजले कमी केले. सगळ्यात खालचा थर गुडघ्याएवढा वर घेतला, कारण पावसाळ्यात त्या पट्ट्यात पाणी कुठवर येतं हे भिंतीवरच्या डागांनी सांगितलं. मालकांनी सांगितलं नव्हतं.

पाइपाचं रॅक दिसायला सोपं. मागे जाड खांब, त्यातून पुढे आलेले हात, समोर काही नाही. कँटिलिव्हर. समोर खांब नसल्याने सहा मीटरचा पाइप आडवा उचलून थेट ठेवता येतो. पण या हातांचं गणित लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. मीटरभर लांबीच्या हातावर पाचशे किलो सारखे पसरले तर त्याच्या मुळाशी जेवढा वाकवणारा जोर येतो, तेच पाचशे किलो टोकाशी ठेवले तर बरोबर दुप्पट. पाटीवर आम्ही लिहितो ‘५०० किलो, सारखा पसरलेला भार’. वाचणारा पहिले दोन शब्द वाचतो. ड्रायव्हरला पाइप टोकाशीच ठेवणं सोयीचं असतं, कारण आत सारायला मशीन अजून पुढे घ्यावं लागतं. म्हणून मी हात पाटीपेक्षा बळकट धरायचो आणि ते कुणाला सांगायचो नाही. सांगितलं की ते जास्तीचं बळही वापरून टाकतात.

हात टोकाकडे किंचित वर उचललेले असतात, भार आल्यावर ते आडवे व्हावेत म्हणून. दोन हातांमध्ये अंतर किती, यालाही उत्तर आहे. पाइप दोनच हातांवर ठेवायचा तर प्रत्येक टोकापासून साधारण एक पंचमांश लांबी सोडून आधार द्यायचा, म्हणजे सहा मीटरला सव्वा मीटर. मग मधला झोल आणि टोकांचा लोंबा यांच्यातला ताण सारखा होतो. लोखंडी पाइपाला हे पुरतं. पीव्हीसीला पुरत नाही. जळगाव-जालन्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये पीव्हीसी मऊ पडतो, आधारांमध्ये खाली बसतो आणि गार झाल्यावर तसाच राहतो. शेतकरी वाकडा पाइप घेत नाही. तिथे हात जवळजवळ घ्यावे लागतात किंवा वर फळ्या टाकाव्या लागतात. वजनाच्या यादीतही एक खोच असते. वाहतूक वाचवायला मोठ्या पाइपाच्या पोटात मधला, मधल्याच्या पोटात छोटा घालून पाठवतात आणि गोदामातही तसेच ठेवतात. यादीत मोठ्या पाइपाचं वजन असतं ते रिकाम्या पोटाचं.

गल्लीची गोष्ट इथेही तीच. साधं फोर्कलिफ्ट पाइप आडवा धरून गल्लीतून जातं, म्हणजे गल्ली सहा मीटरहून मोठी हवी. बाजूने उचलणारं साइडलोडर मशीन पाइप आपल्या लांबीला लावून धरतं, त्याला निम्म्याहून कमी गल्ली पुरते. पण मशीन महाग. रॅकची किंमत आणि मशीनची किंमत दोन वेगळ्या खात्यांतून मंजूर होते, आणि गल्लीच्या जागेचं भाडं तिसऱ्याच खात्यातून जातं. या तीन साहेबांना एका टेबलावर बसवणं हे मला कुठल्याही वेल्डिंगपेक्षा अवघड वाटत आलं आहे.

मशीनबद्दल आणखी एक. दोन टनांचं फोर्कलिफ्ट दोन टन उचलतं ते मालाचा गुरुत्वमध्य फाट्यांच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असेल तेव्हा. आठ फूट बाय चार फुटांचे पत्रे किंवा बोर्ड अरुंद बाजूने उचलले तर तो मध्य १२२० मिलिमीटरवर जातो. पुढच्या चाकांचा आस फाट्यांच्या मागे साधारण ४०० मिलिमीटर धरला, तर तेच मशीन अकराशे किलोवर येतं, आणि वर उचलत गेलं की आणखी कमी. रॅकवर दोन टनांची पाटी आहे आणि मशीनवरही दोन टनांची पाटी आहे, आणि दोन्ही खऱ्या असूनही दोन टन वर जाणार नाहीत. हे मी ड्रायव्हरांना समजावायला गेलो की ते हसतात. मागची चाकं हलकी झाल्याचं त्यांना स्टिअरिंगवर कधीच कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते खरेदी खात्याला.

चाकणच्या काचांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. गाड्यांच्या आणि बसच्या पुढच्या काचा. ही काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर, आणि वरून बाक. आडवी ठेवली तर बाकामुळे ताण येतो, म्हणून ती कडेवर उभी, किंचित मागे कलती. काच मधून सहसा जात नाही, जाते ती कडेपासून. कडेला कुठे बारीकसा टवका उडाला की तडा तिथून चालू लागतो, कधी लगेच, कधी बसवल्यानंतर. त्यामुळे कड टेकेल तिथे लोखंड नको, रबर हवं. रबराखालच्या स्क्रूचं डोकंसुद्धा वर नको. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंगचे शिंतोडे रबराखाली राहिले तर ते महिनाभरात रबरातून वर येतात. आमचे वेल्डर मामा ती खोबण बोटाने चाचपून बघायचे, हातमोजा काढून. ग्राइंडर मारून झाला म्हटलं तरी त्यांचा बोटावर जास्त विश्वास.

चाकणच्या त्या कंपनीचं म्हणणं होतं, वर एवढी उंची आहे तर काचांचे दोन मजले करा. मी दिवसभर काचा नेणाऱ्यांना बघत बसलो. बसची काच दोघे नेतात, हात पूर्ण फाकलेले, मान एका बाजूला, आणि स्वतःचे पाय त्यांना दिसत नाहीत. रॅकचा पायातला आडवा पट्टा गल्लीत चार बोटं पुढे आलेला असला तर तो त्यांना दिसणार नाही. वरच्या मजल्यावरून काच काढताना शिडीवर चढलेल्या माणसाला धरायला तिसरा हात नाही. शिडी न वापरता मशीनने पिंजरा वर नेला तर चालेल, पण मग पिंजऱ्यातून एक काच काढण्यासाठी सगळा पिंजरा खाली.

म्हणून दोन्ही केलं. रोज निघणाऱ्या काचा जमिनीवर, एकाच मजल्यात, वरची कड खांद्याच्या खाली. त्यांच्या डोक्यावरची सगळी हवा रिकामी. महिन्यातून एखादी निघणाऱ्या जुन्या मॉडेलच्या काचा पिंजऱ्यात, वर. कंपनीच्या साहेबांना ती रिकामी हवा बोचत होती. त्यांनी तिथे गॅस्केटच्या पेट्या ठेवायला फळी टाका म्हणून सुचवलं. काचांवर पेट्या. मी नाही म्हटलं, आणि लेखी नाही म्हटलं.

काचांची ने-आण करायला चाकांची घोडी असते, इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची, दोन्ही अंगांना काचा. रांगेत लागोपाठ हव्यात म्हणून एकाच अंगाच्या काचा काढत गेलं की दुसऱ्या अंगाचं वजन तिला ओढतं. घोडी जितकी उंच आणि तळ जितका अरुंद, तितकं ते लवकर होतं. तळ रुंद केला तर ती गल्लीत बसत नाही. शेवटी दोन्ही अंगांवर खाचांना एकाआड एक क्रमांक घातले, विषम डावीकडे, सम उजवीकडे, आणि काढायचा क्रम त्या क्रमांकाने. लोखंडाने सुटलं नाही ते रंगाच्या ब्रशने सुटलं.

गाद्या आणि बंपर यांत वजनाचा प्रश्नच नसतो. बंपर हलका, तो टांगता येतो, फक्त रंगवलेला असेल तर एकाला दुसरा घासता कामा नये. गाद्यांत भानगड घर्षणाची. खण मोठा करून दहा फोमच्या गाद्या उभ्या कोंबल्या की मधली ओढताना शेजारच्या दोन्ही बरोबर येतात आणि प्लास्टिक फाटतं. खणात तीन-चारच ठेवल्या तर एका हाताने निघते. सोफ्यांबद्दल एवढंच सांगेन की त्यांचं माप पाय लावून घ्यायचं की पाय काढून, हे आधी विचारावं.

रॅक उभं करून आमची माणसं निघाली की त्याचं खरं आयुष्य सुरू होतं. खाचांच्या अपराइटची मोठी सोय ही की बीम हवा तेव्हा वर-खाली करता येतो, आणि संकटही तेच. नवा, उंच माल येतो. तो खालच्या खणात मावत नाही. कुणीतरी हातोडीने पिना काढतो, पहिला बीम वरच्या खाचांत नेतो किंवा काढूनच ठेवतो. रॅकवरचं वजन तेवढंच राहतं, उलट कमीही होतं, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण बारीक उभा खांब वजनाने चिरडत नाही, तो वाकून जातो, आणि केव्हा वाकेल हे त्याची दोन आधारांमधली मोकळी लांबी ठरवते. वेताची आखूड काठी जमिनीवर दाबून पाहा, मग तीच जाडीची लांब काठी. लांबी दुप्पट झाली की अशा सडपातळ खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद चौथाईवर येते. खालचा बीम हा त्या दिशेने खांबाला दिलेला हात असतो. तो काढला की वरचं सगळं लांब काठीवर उभं राहतं.

म्हणून माझ्या पाट्यांवर किलोच्या शेजारी पहिल्या बीमची जमिनीपासूनची उंचीही असायची. फोर्कलिफ्टची धडक बसलेल्या खांबासाठी ईएन १५६३५ या युरोपीय मानकात साधा नियम आहे. एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावायची आणि फट मोजायची. बीमच्या दिशेने वाकला असेल तर ५ मिलिमीटरपर्यंत, चौकटीच्या प्रतलात वाकला असेल तर ३ मिलिमीटरपर्यंत. त्यापुढे गेला तर तो खण खाली करायचा विचार सुरू. मी दर गोदामाला ॲल्युमिनियमची मीटरभर पट्टी भेट द्यायचो. पुढच्या खेपेला ती बहुतेक ठिकाणी कटिंगच्या टेबलावर सापडायची, रेघा मारायला.

अलीकडे नोकरी सोडून मी स्वतःची छोटी कामं घेतो. त्यातलं एक पेणजवळच्या हमरापूरकडचं आहे, गणपतीच्या कारखान्याचं. तिकडे वर्षभर मूर्ती घडतात. कित्येक न रंगवलेल्या, पांढऱ्याच बाहेर जातात आणि दुसरीकडे रंगतात. बांबू आणि फळ्यांच्या माळ्यांवर त्या ओळीने बसलेल्या असतात, फूटभराच्या वर, मोठ्या खाली. कारखानदार तरुण आहे, त्याला बांबू काढून लोखंडी रॅक हवं आहे. मी त्याला आधी त्याचंच रॅक दाखवलं. बांबूला काथ्याने बांधलेली फळी सोडून वर-खाली करता येते. आम्ही खाचा पाडून जे करतो ते त्याच्या आजोबांनी दोरीने केलेलं आहे.

मूर्तीला धरायला जागा दोनच, बैठकीखाली एक हात आणि पाठीला दुसरा. कान, सोंड, हात, काहीच धरता येत नाही. म्हणजे फळीवर मूर्तीमागे पंजा जाईल एवढी जागा सोडायची. मुकुटावर बोटभर फट पुरत नाही, कारण मूर्ती सरळ ओढत नाहीत, आधी किंचित उचलतात. तिरकी करून काढली तर गेली. शाडूची तर गेलीच. गल्लीत एक माणूस मूर्ती छातीशी धरून येत असताना दुसरा रिकाम्या हाताने पलीकडे जाऊ शकला पाहिजे. आषाढात तिथे दोघेच नसतात, दहा-पंधरा पोरं पळत असतात.

पत्र्याच्या फळ्या त्याला नको म्हटलं. कोकणातल्या पावसात पत्र्याला घाम येतो, कुठेतरी पावडर कोटिंग उडतं आणि पांढऱ्या मूर्तीच्या बुडाला गंजाचा डाग लागतो. खांब आणि बीम लोखंडाचे, फळ्या त्याच्याच जुन्या, लाकडी. त्याला ते पटायला वेळ लागला, कारण नव्या रॅकवर जुन्या फळ्या बऱ्या दिसणार नाहीत असं त्याचं म्हणणं. दोन रांगांचा ॲडव्हान्स त्याने दिला आहे. बाकीचे बांबू यंदाच्या गणपतीपर्यंत राहतील, मग बघू म्हणतो. मोजमापाला त्याने मला गणपती झाल्यावर बोलावलं होतं, कारखाना रिकामा असताना, म्हणजे निवांत घेता येईल. मी ज्येष्ठात येतो म्हणून सांगितलं आहे, माळे भरलेले असतील तेव्हा. पोरांना माझी अडचण होईल म्हणाला. एका कोपऱ्यात उभा राहीन म्हटलं.